वही गेली कोठें?

गेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारीं आमच्या आत्याबाई आपलें निवृत्तिवेतन काढण्यासाठीं बँकेंत गेल्या होत्या. वय ब्यायशी; तरी हें काम त्या दुसऱ्या कोणावर सोंपवीत नाहींत. आदल्या शनिवारीं-रविवारीं बँकेनें आपली यंत्रणा बदलली होती, आणि खिडकीवरच्या मुलास कोणाचेंच खातें उघडून दाखवितां येत नव्हतें. त्यानें नम्रपणें सांगितलें, "आजी, सर्व्हर डाऊन आहे. उद्यां या." आत्याबाई म्हणाल्या, "अरे, पण माझी वही तर तुमच्याजवळच आहे ना? ती काढून बघ." मुलगा हंसला. घरीं आल्यावर त्यांनीं आम्हांस विचारलें, "माझी वही आतां असते तरी कोठें?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें सरळ उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. त्या दिवशीं औषधांचे पैसे आमच्याकडून घेतांना आत्याबाई संकोचल्या. पंचवीस वर्षें स्वतःच्या पैशावर ताठ मानेनें राहिलेल्या बाईस, आपलेच पैसे आपणांस मिळत नाहींत म्हणून हात पुढें करावा लागावा, ही गोष्ट आम्हांसहि लागली. म्हणून त्यांच्या प्रश्नाचा थोडा शोध घेतला, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रत्येक मोठ्या धंद्यांत सध्यां ‘डिजिटल परिवर्तन’ हे शब्द ऐकूं येतात. त्यांचा खरा अर्थ पडद्यावरील रंगीबेरंगी ॲप हा नसून, त्या पडद्यामागील घराची मोडणी आणि नवी बांधणी हा आहे.

पूर्वीं बँकेची वही म्हणजे खरोखरीचीच वही असे. शाखेच्या कपाटांत जाड पुठ्ठ्याची खातेवही, आणि तींत कारकुनानें शाईनें केलेली नोंद. खातें शाखेचें असे; पुण्याचें खातें मुंबईस उघडत नसे. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन ह्यांच्या समित्यांनीं १९८४ सालीं आणि पुन्हां १९८९ सालीं अहवाल दिले, आणि आपल्याकडील बँकांच्या संगणकीकरणास वाट मिळाली. आधीं शाखांशाखांत यंत्रें आलीं. पुढें साऱ्या शाखांच्या वह्या एका मध्यवर्ती यंत्रणेंत गेल्या. ह्यासच ‘कोअर बँकिंग’ म्हणतात. तेव्हांपासून खातें शाखेचें राहिलें नाहीं, बँकेचें झालें.

ह्या मध्यवर्ती यंत्रणेची रचना (तीस ह्या धंद्यांतील लोक ‘आर्किटेक्चर’ म्हणतात) आपल्या जुन्या वाड्यासारखी होती. एकच दिंडीदरवाजा, एकच माजघर, एकच कोठार. ठेवी, कर्जें, व्याज आणि हिशेब हीं सारीं भावंडें एकाच छपराखालीं, एकाच चुलीवर. अशा वाड्याचा मोठा गुण म्हणजे एकवाक्यता. कोठारांतून पायलीभर तांदूळ निघाले, तर ते सर्वांच्याच हिशेबीं निघाले. दोषहि त्यांतलाच. एका खोलीची भिंत पाडावयाची तर साऱ्या वाड्यास टेकू द्यावे लागत.

शिवाय असे वाडे दीर्घायुषी असतात. आयबीएम कंपनीनें ‘सिस्टिम/३६०’ हें यंत्रकुल १९६४ सालीं जाहीर केलें. त्याच्या वंशजांवर, आणि त्याच सुमाराच्या ‘कोबोल’ भाषेंत लिहिलेल्या प्रोग्रॅमांवर, जगांतील कित्येक बँकांचा हिशेब अजून चालतो. ज्यांनीं ते प्रोग्रॅम लिहिले ते निवृत्त झाले, आणि कोणती तुळई कशावर टेकली आहे हें सांगणारें माणूस घरांत उरलें नाहीं. एप्रिल २०२० मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली. तेव्हां चाळीस वर्षांहून जुन्या यंत्रणेसाठीं कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत, असें तेथील गव्हर्नर फिल मर्फी ह्यांस जाहीरपणें सांगावें लागलें.

वाडा जुना झाला, तरी तो तसाच कां चालवूं नये? कारण तो दिवसा उघडणाऱ्या आणि रात्रीं बंद होणाऱ्या व्यवहारासाठीं बांधलेला होता. दिवसभराच्या नोंदी गोळा कराव्या आणि रात्रीं सारा हिशेब एकदम जुळवावा, अशी त्याची रीत. आतां दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी त्याच क्षणीं ग्राहकाच्या आणि भाजीवाल्याच्या अशा दोन बँकांच्या वह्यांत नोंद व्हावी लागते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआयचा आरंभ मुंबईंत ११ एप्रिल २०१६ रोजीं झाला. ऑगस्ट २०२५ ह्या एकाच महिन्यांत त्यावरील व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या वर गेली. एवढी पंगत एका माजघरांत बसणें शक्य नाहीं.

म्हणून नवी रीत निघाली. प्रत्येक कामास निराळें बिऱ्हाड द्यावयाचें. ठेवींचें एक, कर्जांचें दुसरें, ग्राहकाची ओळख पटविण्याचें तिसरें. अशा एकेका बिऱ्हाडास ‘मायक्रोसर्व्हिस’ हें नांव आहे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत परस्पर शिरावयाचें नाहीं. जें हवें तें ठरलेल्या खिडकीवर, ठरलेल्या शब्दांत मागावयाचें. ह्या खिडकीस ‘एपीआय’ म्हणतात. जागाहि पुष्कळदां स्वतःची नसते. ‘क्लाउड’ म्हणजे आकाशांतील ढग नव्हे. दुसऱ्या कंपनीच्या इमारतींतील भाड्यानें घेतलेलीं यंत्रें, एवढाच त्याचा अर्थ. सणावारीं दहा खोल्या जास्त घ्याव्या, एरवीं सोडून द्याव्या.

ह्यांतील लाभ उघड आहे. एका घरची चूल विझली तरी बाकीचीं घरें उपाशीं राहत नाहींत, आणि जेथें गर्दी तेवढीच जागा वाढवितां येते. परंतु विभक्त होण्याचाहि खर्च असतो. वाड्यांत जी गोष्ट नुसती हांक मारून कळत असे, तिच्यासाठीं आतां गल्ली ओलांडून निरोप धाडावा लागतो. निरोप्या वाटेंत अडकला तर दोन्ही घरें खोळंबतात. बिऱ्हाडें वाढलीं कीं वाटा वाढतात, आणि वाटा वाढल्या कीं ‘ही वाट कोणी झाडावयाची?’ हा तंटा वाढतो.

हा घरबदल कसा करावा आणि कसा करूं नये, ह्याचीं दोन परदेशीय उदाहरणें प्रसिद्ध आहेत. पहिलें अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीचें. ऑगस्ट २००८ मध्यें तिचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांस डीव्हीडी धाडतां आल्या नाहींत. सारें एका कोठारावर अवलंबून ठेवावयाचें नाहीं, असें ठरवून तिनें ॲमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर जावयास आरंभ केला. जुनें सामान उचलून नव्या जागीं मांडणें सोपें होतें. परंतु तसें केल्यास जुन्या अडचणीहि बरोबर येतील, हें ओळखून तिनें एकेक काम निराळें काढून नव्यानें बांधलें. तें पुरें होण्यास सात वर्षें लागलीं आणि २०१६ चा जानेवारी उजाडला. मध्यंतरीं ह्या मंडळींनीं ‘केऑस मंकी’ नांवाचा एक प्रोग्रॅम केला. ऐन कामाच्या वेळीं आपल्याच घरांतला कोणता तरी दिवा मालवणें, हें ह्या माकडाचें काम. बाकीचें घर उजेडांत राहतें कीं नाहीं, हें त्यावरून कळावें. सिनेमा थांबला म्हणून कोणाचें औषध अडत नाहीं, हें खरें; तरी ही शिस्त घेण्याजोगी आहे.

दुसरें उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचें. ही बँक २०१३ सालीं लॉइड्स समूहांतून विभक्त झाली आणि २०१५ सालीं स्पेनच्या साबादेल बँकेनें ती विकत घेतली. विभक्त झाली तरी तिच्या वह्या जुन्या घरच्याच यंत्रणेवर राहिल्या होत्या, आणि त्याचा मोबदला भरावा लागे. साबादेलनें नवी यंत्रणा तयार करविली. ती बांधण्याचें आणि चालविण्याचें काम आपल्याच सॅबिस ह्या संस्थेकडे दिलें. आणि एप्रिल २०१८ मधील एका शनिवारीं-रविवारीं सुमारें ५२ लक्ष ग्राहकांच्या मुख्य खात्यांचें बिऱ्हाड एकदम हलविलें.

आश्चर्य असें कीं, सामान सुखरूप पोंचलें. खात्यांची माहिती नव्या जागीं नीट उतरली. परंतु नव्या घराचीं दारेंच उघडेनात. इंटरनेटवरून, फोनवरून किंवा शाखेंत जाऊन कित्येकांस आपल्या पैशापर्यंत पोंचतां येईना. कांहींच्या पडद्यावर तर दुसऱ्याच कोणाचें खातें दिसलें. सर्व शाखांस झळ लागली, आणि घडी पुरती बसण्यास डिसेंबर उजाडला. ग्राहकांस ३ कोटि २७ लक्ष पौंड भरपाई द्यावी लागली. पुढें दोन नियामक संस्थांनीं मिळून डिसेंबर २०२२ मध्यें ४ कोटि ८६ लक्ष ५० हजार पौंड दंड केला.

बँकेनेंच चौकशीस नेमलेल्या स्लॉटर अँड मे ह्या वकील-संस्थेचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. नवी यंत्रणा पुरेशी पारखलेली नव्हती, सॅबिस ती चालविण्यास सज्ज नव्हती, आणि संचालकांनीं जे प्रश्न विचारावयास हवे होते ते विचारले नाहींत, असा त्याचा इत्यर्थ. एप्रिल २०२३ मध्यें त्या वेळच्या मुख्य माहिती-अधिकाऱ्यासहि ८१,६२० पौंड दंड झाला. काम पत्करणारी संस्था खरोखर सज्ज आहे कीं नाहीं, ह्याची पुरती खातरजमा त्यानें केली नाहीं, हा त्याच्यावरील ठपका होता.

आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. यंत्रांची रचना ही अखेर माणसांची रचना असते. मेल्विन कॉन्वे नांवाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९६८ सालींच लिहून ठेवलें कीं, कोणतीहि संस्था जी यंत्रणा घडविते तींत त्या संस्थेंतील माणसांच्या परस्पर बोलण्या-चालण्याचेंच प्रतिबिंब उमटतें. ज्या घरांत दोन भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत, त्या घरांत दोन प्रोग्रॅमहि एकमेकांशीं नीट बोलावयाचे नाहींत. काम वांटून दिलें तरी जबाबदारी वांटून टाकतां येत नाहीं. ‘तें आमच्याकडे नाहीं, त्या कंपनीकडे आहे’ हें वाक्य ज्या दिवशीं मान्य झालें, त्या दिवशीं नव्या घराचा पाया खचला असें समजावें.

आपल्याकडेहि ह्याची जाणीव झालेली आहे. एचडीएफसी बँकेच्या सेवांत वारंवार खंड पडल्यावर रिझर्व्ह बँकेनें डिसेंबर २०२० मध्यें तिला नवे डिजिटल उपक्रम आणि नवीं क्रेडिट कार्डें तात्पुरतीं थांबविण्यास सांगितलें. तो निर्बंध मार्च २०२२ मध्यें पूर्णपणें उठला. आधीं घर सांभाळा, मग मजले चढवा, असाच ह्या आज्ञेचा अर्थ आम्ही करतों.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-सुना पुण्यास, बंगळूरास अथवा परदेशीं ह्याच उद्योगांत आहेत. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ठरलेल्या तारखेस घर हलविण्याची घाई वरिष्ठांस असली, तरी ‘अजून दारें उघडून पाहिलेलीं नाहींत’ असें सांगण्यास कचरूं नये. एका दिवसाच्या रुष्टतेपेक्षां खिडकीवरून परतणारी म्हातारी जड असते. आणि गृहिणींनीं चार दिवसांचा खर्च रोख जवळ ठेवावा, खात्याचा उतारा अधूनमधून कागदावर छापून घ्यावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या बँकेंतहि एक लहानसें खातें असूं द्यावें. हा अविश्वास नव्हे, व्यवहार आहे.

आत्याबाईंचें खातें तिसऱ्या दिवशीं उघडलें. त्या संध्याकाळीं आम्हीं त्यांस आमच्या शोधाचें सार सांगितलें: त्यांची वही आतां कोणा एका कपाटांत नसते, तिचीं पानें निरनिराळ्या बिऱ्हाडीं असतात, आणि एका जागीं आग लागली तरी ती वांचावी म्हणून तिची दुसरी प्रत दूर कोठें तरी ठेवलेली असते. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "असूं दे रे कोठेंहि. ती माझी आहे, हें सांगणारा कोणी तरी तेथें बसलेला असला म्हणजे झालें." टीएसबीची हकीकतहि त्यांस सांगितली. त्यावर त्यांस आपल्याच घरबदलाची आठवण झाली. "आपण वाडा सोडला तेव्हां नव्या जागेंत दूध उतूं जाईपर्यंत जुन्या घरची चूल मीं मोडूं दिली नव्हती. त्या बँकेंत कोणी वडील माणूस नव्हतें वाटतें?"