तंबूत चौविहार, जीपमध्ये टाळ्या?



आमच्या आगरदांड्याच्या नातेवाइकांत केनियाच्या सफारीचा बेत शिजतोय. खासगी तंबू, सोबत जैन स्वयंपाकी, कांदा-बटाटा नाही, सूर्यास्ताआधी जेवण. सगळं चोख! आणि गाईडला आग्रह एकच: "एक तरी शिकार दिसलीच पाहिजे."

मग चौविहार पाळायचा कशासाठी?

म्हणतात, सिंह मारतो तो त्याचा स्वभाव. आपण फक्त बघतो. सिंहाला दोष कोण देतंय? पण आपल्या धर्मात करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा हिशेब होतो. हिंसेत आनंद मानणं हे रौद्रध्यान. मगरीने वाइल्डबीस्टला धरताच टाळ्या पिटणं, हे दुसरं काय आहे?

शिवाय मारा नदी ओलांडणारे कळप बघायचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका आपला चातुर्मास! जीवरक्षेसाठी फिरणं कमी करायचे दिवस ते.

आधी जवळचं फणसाड तरी बघा. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. तिथे शेकरू बघायला कुणाचा जीव जावा लागत नाही.

आफ्रिकेला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. चातुर्मास उलटू द्या. फेब्रुवारीत टांझानियाच्या दक्षिण सेरेंगेटीत वाइल्डबीस्टची हजारो पिल्लं जन्मतात, ती बघा. आणि पैसे भरण्याआधी गाईडला लिहून कळवा: शिकारीमागे गाडी पळवायची नाही, जनावराला घेरायचं नाही. जेवणाच्या अटी लिहितोच ना आपण? त्याच कागदावर या दोन ओळी सहज मावतील.