‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

गेल्या महिन्यात वसईतल्या आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक साधा मेसेज टाकला. माझ्या टीममधल्या मित्राला भाड्याने वन बीएचके हवा होता. तासाभरात तीन घरमालकांचे फोन आले. मी मित्राचं नाव सांगितलं. नाव मुसलमान आहे हे कळताच तिन्ही घरं ‘नुकतीच गेली’. एक अंकल तेवढे प्रामाणिक निघाले. म्हणाले, “अरे बाबा, आपण मुळात मूठभर. आधी आपल्या माणसांशी निष्ठा ठेवायला नको का?” मी “हो अंकल” म्हणून फोन ठेवला.

त्या ‘हो’ची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितोय. आपल्या माणसांना धरून राहणं हाच जणू ख्रिस्ती धर्म, असं आपण गृहीत धरलंय. ते खोटं आहे.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक धर्मपंडित येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? आमच्या धंद्यात हा प्रश्न ओळखीचा आहे. काम टाळायचं असलं की आम्ही आधी स्कोप विचारतो. कोण आत, कोण बाहेर हे एकदा ठरलं की बाहेरच्याची जबाबदारी संपली!

येशू स्कोप देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. याजक आणि लेवी बघून निघून जातात. शोमरोनी थांबतो.

ही गोष्ट इतकी गुळगुळीत झालीय की ‘शोमरोनी’ म्हणजे परोपकारी, असंच आपल्याला वाटतं. ऐकणाऱ्या यहुद्यांसाठी तो परका होता. त्याचं पवित्र स्थान वेगळं, गरिज्जीम डोंगरावरचं, आणि वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकच अध्याय मागे जाऊन बघा. एक शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही, तेव्हा याकोब आणि योहान त्या गावावर आकाशातून आग पाडायची भाषा करतात. ज्यांनी घर नाकारलं, त्यांच्यातलाच माणूस येशूने गोष्टीचा नायक केला. आणि शेवटी प्रश्नच उलटवला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला?

निष्ठाही याच गोष्टीत आहे. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. अनोळखी माणसासाठी परत येण्याचा शब्द देणं, ही ती निष्ठा.

“पण आपण अल्पसंख्य, आपल्याला हे परवडत नाही,” असं कुणी म्हणेल. फ्रान्समधल्या ल शांबों-सुर-लिन्यों गावचे प्रोटेस्टंटही कॅथलिक देशात मूठभरच होते. 1685 मध्ये चौदाव्या लुईने त्यांच्या पूर्वजांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पास्टर आंद्रे त्रोक्मे यांच्या या गावाने आणि आसपासच्या वस्त्यांनी हजारो ज्यू निर्वासितांना घरांत, शेतांवर, शाळांत आसरा दिला. पास्टरचे नातलग, शिक्षक दानिएल त्रोक्मे विद्यार्थ्यांसोबत पकडले गेले आणि 1944 मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मेले. लपून जगणं म्हणजे काय, हे त्या गावाला पूर्वजांमुळे ठाऊक होतं. मूठभर असणं हे त्यांच्यासाठी दार उघडण्याचं कारण होतं, आपल्यासाठी ते बंद करण्याचं निमित्त झालंय. मुंबईत घर शोधताना “नॉनव्हेज खाता का?” हा प्रश्न आपणही ऐकलाय ना?

काल अंकलना परत फोन केला. म्हटलं, “त्या दिवशी मी हो म्हणालो, ते चुकलं.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बघू.”

ग्रुपवर मी मेसेज पुन्हा टाकलाय, या वेळी मित्राला विचारून, त्याच्या नावासकट. तो अजून नालासोपाऱ्यात चुलतभावाच्या घरी, हॉलमध्ये झोपतो. ग्रुपवर अजून कुणाचं उत्तर नाही.