आचारसंहिता शाळेतील प्रत्येकासाठी

मुंबईहून मांडव्याला लाँचने अथवा मार्च २०२० पासून सुरू झालेल्या रो-रो बोटीने ये-जा करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी एकट्या तांडेलाची नसते. धक्क्यावर माणसे मोजणारा, दोर सोडणारा खलाशी, इंजिनाकडे पाहणारा कामगार यांच्यापैकी एकानेही हयगय केली तर सगळी बोट संकटात सापडते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. त्यानंतर लगेच गेटवेवर लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली. जॅकेट ही काही तेव्हा नव्याने लागलेला शोध नव्हती; परंतु ती प्रवाशांच्या अंगावर चढण्यासाठी माणसे बुडावी लागली.

आपल्या प्राथमिक शाळांच्या बाबतीतही नेमके असेच घडत आहे. शाळेतील कर्मचाऱ्यांनी कसे वागावे याचे नियम आपल्याकडे दीर्घकाळ आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने तर शिक्षकाची कर्तव्येच सांगून ठेवली आहेत: वेळेवर व नियमित हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची प्रगती पारखणे, पालकांना भेटून ती कळविणे. त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, तर कलम २८ ने शिक्षकांच्या खाजगी शिकवण्यांना. मग उणीव कोठे आहे?

पोशाखापासून बदलापूरपर्यंत

१५ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. जीन्स व टी-शर्ट नको, पुरुषांचा शर्ट विजारीत खोचलेला असावा, शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता व दुपट्टा वापरावा, असे त्यांत होते. डॉक्टरांप्रमाणे शिक्षकांनीही नावाआधी ‘टी’ लावावे, अशीही सूचना होती. नीटनेटकेपणाला आमचा विरोध नाही. मुले गुरुजींच्या व बाईंच्या कपड्यांपासूनही शिकत असतात. परंतु ही चर्चा रंगून पाच महिने होतात न होतात तोच ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीस आली आणि आपण किती वरवरच्या गोष्टीत गुंतलो होतो हे सर्वांना कळून चुकले.

बदलापूरच्या एका शाळेतील बालवर्गात शिकणाऱ्या दोन चिमुकल्यांवर शाळेच्या स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार होती. आरोपी शिक्षक नव्हता. तो त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने घेतलेला सफाई कामगार होता. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने हा प्रकार पोलिसांना का कळविला नाही, असा सवाल केला. आरोपी २३ सप्टेंबर रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. त्यामुळे त्याच्यापुरता न्यायालयीन निवाडा कायमचा राहून गेला. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर मात्र घटना दडविल्याचा गुन्हा दाखल झाला.

या घटनेतून दोन गोष्टी लख्खपणे पुढे येतात. पहिली ही की, आपल्या मनातील आचारसंहिता केवळ शिक्षकांपुरती असते. शिपाई, सफाई कामगार, पोषण आहार शिजविणाऱ्या ताई, फाटकावरचा पहारेकरी, मुलांना ने-आण करणारे रिक्षावाले काका हे सगळे मुलाच्या दृष्टीने शाळेतील ‘मोठी माणसे’ असतात. मुलाला नेमणुकीचा प्रकार कळत नाही. ज्याच्या हाती शाळेने आपला हात दिला, त्याच्यावर ते विश्वास टाकते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गुन्हा एकाने केला असेल. पण तो झाकण्यासाठी अनेकांचे मौन लागते.

मौन हाही गुन्हा

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने या मौनाला गुन्हा ठरविले आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे, किंवा होण्याची शक्यता असल्याचे, ज्याला कळते त्याने ते पोलिसांना कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध लपविल्यास ती एक वर्षापर्यंत जाऊ शकते. आधी अंतर्गत चौकशी करू, मग पाहू, ही सवलत कायद्याने कोणालाही दिलेली नाही. शाळेने सत्याचा अंतिम निर्णय करावा अशी अपेक्षाच नाही. तिने फक्त कळवायचे आहे.

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही, नेमणुकीपूर्वी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी व सखी सावित्री समिती यांची सक्ती केली. यांतील सखी सावित्री समिती २०२२ सालीच सांगितलेली होती. पुढे उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर आधारित सविस्तर निर्णय १३ मे २०२५ रोजी निघाला. कागद परिपूर्ण झाला. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका शाळेत, उशिरा आली म्हणून सहावीतील एका मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी, नेमक्या बालदिनी, तिचा मृत्यू झाला. शिक्षिकेला अटक झाली. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. पण उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, वर्गाबाहेर ताटकळत ठेवणे यांना आपण अजूनही ‘शिस्त’ म्हणतो, हे आपल्यातील कोणी नाकारू शकेल काय? किती तरी पालक स्वतःच शिक्षकांना सांगून येतात, “ऐकला नाही तर दोन ठेवून द्या.”

गावातील अडचण

मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यातील गावांत प्रश्न आणखी वेगळा आहे. बंगल्यांची वस्ती वाढली. राखणदारी, बागकाम, स्वयंपाक, बांधकाम यांसाठी आईवडील सकाळीच घर सोडतात. काही मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातात, तर काही रिक्षा-व्हॅनने अलिबागच्या बाजूला. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे. हीच ओळख एरवी मुलांचे संरक्षण करते आणि हीच तक्रारीच्या आड येते. “आपल्याच वाडीतला आहे, त्याची कसली पडताळणी?” असे म्हटले जाते. तक्रार केली तर उद्या त्याच पाणवठ्यावर, त्याच बाजारात समोरासमोर यावे लागते. दोन शिक्षकी शाळेत तक्रार करायची तरी कोणाकडे? ज्याच्याविषयी तक्रार, पेटीची किल्लीही त्याच्याकडेच असू शकते.

शिक्षकांची बाजूही येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज इतर कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात माहिती भरण्याचे ओझे संपत नाही. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग येऊन पडतात. थकलेल्या माणसाचा तोल लवकर जातो. शिवाय, खोट्या तक्रारीची भीती अनेक सज्जन शिक्षकांना ग्रासते. या भीतीवरचा उपायही स्पष्ट आचारसंहिता हाच आहे. मुलाशी बोलताना दार उघडे ठेवणे, एकट्या मुलाला घरी न बोलाविणे, लहानग्यांना स्वच्छतागृहात नेताना दोन स्त्री कर्मचारी असणे, मुलांची छायाचित्रे स्वतःच्या फोनवरून इतरांना न पाठविणे हे नियम पाळणाऱ्या शिक्षकावर बालंट येणे कठीण असते.

आपल्या शाळा

येथे आपल्या ख्रिस्ती संस्थांविषयी बोलणे भाग आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने दिलेला संस्था चालविण्याचा हक्क मोलाचा आहे व तो जपलाच पाहिजे. परंतु मुलाला न मारण्याचे कलमही त्याच कायद्यात आहे, याचा विसर पडता कामा नये. संस्थेचा हक्क मोठा होताना मुलाचा हक्क लहान होत असेल, तर त्या हक्काची शान राहत नाही. पोक्सो कायद्यात तर अल्पसंख्याकांना कोणतीही सूट नाही.

ख्रिस्तसभेनेही या विषयात कटू अनुभवातून धडा घेतला आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यावर अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, आणि देशाच्या कायद्यानुसार असलेली कर्तव्ये त्यामुळे कमी होत नाहीत हेही स्पष्ट केले. एकोणिसाव्या शतकात संत जॉन बॉस्को यांनी तुरिनच्या रस्त्यावरील मुलांना शिक्षेच्या धाकाने नव्हे, तर विवेक, श्रद्धा व वात्सल्य यांच्या बळावर घडविले. त्यांचे नाव घेणाऱ्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत. लहानग्यांना अडखळण आणणाऱ्यांविषयी प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात किती कठोर इशारा दिला आहे, हेही आपणांस सांगणे न लगे.

म्हणून पालकांना विनंती आहे की, पुढील पालक सभेत निकालाच्या टक्केवारीआधी तीन प्रश्न विचारावेत. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक प्रौढाची, कंत्राटी कामगारासह, पडताळणी झाली आहे काय? आचारसंहिता मराठीत लिहून प्रत्येकाची सही घेतली आहे काय? तक्रारपेटी कोण उघडतो, आणि त्या वेळी पालकांचा प्रतिनिधी हजर असतो काय? मुलांना १०९८ हा मदतीचा क्रमांक पाठ करून द्यावा. आणि घरी आलेले मूल शाळेविषयी काही चाचरत सांगू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून ते ऐकून घ्यावे. बदलापूरच्या त्या मुलींनी घरी सांगितले आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, म्हणूनच पुढचे सारे उजेडात आले.