जुना संगणक, नवं लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. श्रीपूरच्या घरातल्या माझ्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालेना. धडधाकट मशीन टाकून द्यायचं? मी लिनक्स मिंट टाकलं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, फायली बाजूला काढल्या, मगच जुनं पुसलं. आता एकाच पानावर उर्दू नस्तालीक आणि मराठी, दोन्ही युनिकोडमध्ये. पैसा एक नाही.

पण माझ्या जुन्या उर्दू प्रश्नपत्रिका इथे उघडत नाहीत! दोष लिनक्सचा नाही, माझाच. वर्षानुवर्षं जबान एका प्रोग्रामच्या कुलपात ठेवली. उर्दू शिक्षकांनो, विंडोज पुसण्याआधी असल्या फायली युनिकोडमध्ये काढून घ्या. मी मित्राच्या संगणकावर रोज दोन-चार काढतोय. निम्म्या अजून बाकी आहेत.