मावळ्याच्या हातात काय आहे?

ढाणकीत बसून दिवाळीच्या किल्ल्यावर लिहितोय म्हणून पुण्याची मंडळी हसतील. हसू देत. किल्ला ही काही कुणाची मक्तेदारी नाही. आणि माझं भांडण किल्ल्याशी नाहीच, विकतच्या मावळ्यांशी आहे. जो तो तीच वाकडी तलवार उगारून उभा! पट्टा कुठाय? सरळ पात्याची धोप कुठाय?

"एवढ्याशा खेळण्याचं काय घेऊन बसलास?" काकालोक म्हणणारच. अहो, एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे अख्खं पुस्तक लिहिलं. आपण मात्र पोरांना घोषणा शिकवतो, आणि पट्टा तलवारीहून वेगळा कसा असं विचारलं की सगळं घर गप्प.

हे शिकायला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, बॉलपेनचं टोपण आणि कात्री पुरे. साडेपाच फुटी माणसाचा मावळा तीन इंचांचा, तर साडेतीन फुटी पातं दोन इंचांना जरा कमी. झाकणातून कापलेलं पातं खऱ्या पट्ट्यासारखंच लवतं. टोपण म्हणजे खोबळा. या प्लॅस्टिकला डिंक धरत नाही, म्हणून टोपणाच्या बंद टोकाला चीर पाडून पातं खोचायचं. मावळ्याची तलवार छाटून हात टोपणात घातला की पोरगं आपणहून ओळखतं: इथे मनगट वळत नाही, वार खांद्यातून करायचा.

हे कुठलं दुकान शिकवणार? मावळे आणा खुशाल. हत्यारं मात्र घरीच व्हायला हवीत.