कट-ऑफच्या यादीत नसलेला प्रश्न

कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना आपण काय काय बघतो? कट-ऑफ, ब्रँच, फी, प्लेसमेंट, घरापासूनचं अंतर आणि जमलंच तर मेस! पण ‘त्या कॉलेजात चारचौघांना न पटणारं मत मांडता येतं का?’ हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न प्लेसमेंटइतकाच महत्त्वाचा आहे. कारण चार वर्षं आपण तिथे नुसतं शिकत नाही, राहतो.

‘लिबरल कॅम्पस’ म्हटलं की घरचे दचकतात. मोर्चे, घोषणा, बुडवलेली लेक्चर्स! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे रांगेत बोललं तरी शिक्षा. गप्प बसणं म्हणजेच शिस्त, हे डोक्यात पक्कं बसतं. पण मित्रांनो, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ साली. म्हणजे देशाचं सरकार निवडायला आपण लायक, आणि मेस कमिटी निवडायला नालायक? हे काही पटत नाही बुवा.

कॉलेजच्या निवडणुकांत महाराष्ट्रात मारामाऱ्या झाल्या, हे खरंच आहे. म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि मार्क पाहून प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. पण मधल्या पिढ्यांनी ‘राजकारण’ हा शब्द शिवीसारखाच ऐकला. याउलट दिल्लीच्या जेएनयूत निवडणूक विद्यार्थ्यांचीच समिती घेते. अध्यक्षपदाच्या उमेदवारांना रात्री सगळ्यांसमोर उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. हाणामाऱ्या तिथेही झाल्यात. पण वाद घालायची सवयच नसेल, तर हात उगारण्याशिवाय दुसरं येणार तरी काय?

‘हे सगळं आर्ट्सवाल्यांचं, आपल्याला सबमिशन्स आहेत,’ असं म्हणू नका. २०१५ च्या मे महिन्यात आयआयटी मद्रासमध्ये आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल या विद्यार्थी गटाची मान्यता काढून घेतली गेली. देशभर चर्चा झाली आणि जूनमध्ये ती परत द्यावी लागली. आयआयटीचीच मुलं होती ती!

आणि हो, लिबरल म्हणजे ‘माझ्या मताच्या लोकांनी भरलेलं’ नव्हे. उजव्या विचाराच्या मुलाने तोंड उघडलं की सगळे हसतात, ते कॉलेजही माझ्या लेखी लिबरल नाही. तिथे फक्त गप्प बसणारे बदलले.

मग हे ओळखायचं कसं? प्रॉस्पेक्टसमध्ये तर सगळेच ‘सर्वांगीण विकास’ करतात. त्यापेक्षा सेकंड इयरच्या हॉस्टेलाइटला गाठा. विचारा, सीआर निवडला जातो की नेमला जातो? नोटीस बोर्डावर मुलांना काही लावता येतं का? ‘कोट्यातून आलाय’ असं कुणी म्हटलं तर बाकीचे हसतात की त्याला अडवतात? सरांना वर्गात ‘का?’ विचारलं तर टर्मवर्कच्या मार्कांवर परिणाम होतो का? आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, मुलांचं किती वाजता?

आता हेच प्रश्न आपल्या कॉलेजला लावून बघा. रात्री रीडिंग रूममध्ये मुलं बसलेली असतात आणि आम्ही मुली साडेआठला हजेरीच्या रांगेत. परीक्षा मात्र दोघांची एकच! ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. पण हा नियम ठरवताना आमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का?

स्टाफमधल्या सर-मॅडमना नम्र विनंती : वर्षातून एकदा तरी हॉस्टेलच्या नियमांवर खुली बैठक घ्या. आम्ही चुकीचं बोललो तर खोडून काढा, पण बोलू द्या. आणि दोस्तांनो, बैठक झालीच तर मागच्या बाकावरून कुजबुजू नका. पुढे येऊन, नाव सांगून बोला.

या जूनमध्येही ज्युनिअर्सचे फोन येतील, ‘ताई, कॉलेज कसंय?’ प्लेसमेंटचा आकडा आपण सांगूच. त्याच्या पुढचं उत्तर काय द्यायचं, ते मात्र आपणच ठरवायचंय.