वेळ नंतर, आधी ओटीपी

लोणावळ्यातल्या तुंगार्ली धरणाच्या चढावर सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींच्या मनगटावरही आता स्मार्टवॉच दिसते. बहुधा ते मुलाने पुण्याहून नाहीतर लेकीने परदेशातून धाडलेले. बाबांची नाडी कळावी, शेवाळावरून घसरले तर निरोप यावा, हा हेतू. पंचाईत सुरू होते ती खोका उघडल्यावर.

क्यूआर कोड स्कॅन करा, अ‍ॅप घ्या, खाते उघडा, ओटीपी टाका. मग जन्मतारीख, उंची, वजन. त्यामागे परवानग्यांची रांग. सगळे उरकले की घड्याळ सांगते, अपडेट आले आहे, आधी चार्ज करा. लोणावळ्याच्या पावसात नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते, आणि किती वाजले हे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बघून कळते.

नवखा माणूस फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या यादीतून घड्याळ जोडायला जातो. पुष्कळ घड्याळे मात्र कंपनीच्या अ‍ॅपमधूनच जोडावी लागतात. अँड्रॉइड ६ ते ११ असलेल्या फोनवर तर आसपासची ब्लूटूथ उपकरणे शोधायलाही लोकेशनची परवानगी लागते, कारण त्या संकेतांवरून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. कारण रास्त आहे, पण ते समजेल असे सांगतो कोण? २०२१च्या अँड्रॉइड १२मध्ये यासाठी वेगळी परवानगी आली, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती बहुतेकदा मुलांचा जुनाच फोन असतो.

शिवाय कंपन्यांची आपापली कुंपणे. अ‍ॅपल वॉचला आयफोनच हवा. सॅमसंगची २०२१नंतरची गॅलेक्सी वॉच आयफोनशी जुळत नाहीत.

‘ज्येष्ठांना जमत नाही’ हे ठरलेले उत्तर. हीच मंडळी भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात, रेल्वेचे आरक्षण स्वतः करतात. अडते ते घड्याळाच्या मांडणीत.

सेटअप चुकला, तर मूळ हेतूच बुडू शकतो. अ‍ॅपल वॉचमध्ये पडल्याची नोंद घेणारी सोय ५५ वा त्याहून जास्त वय भरले तरच आपोआप चालू होते. सुट्टीत आलेल्या मुलाने घाईत स्वतःची जन्मतारीख टाकली, तर ती सोय हाताने चालू करावी लागते. हे त्याला ठाऊक नसेल, तर बाबा धरणावर निर्धास्त फिरत राहतात आणि घड्याळ गप्प बसते.

पूर्वी घड्याळवाला पट्टा बसवून, वेळ लावूनच घड्याळ हातात द्यायचा. आज हजारो रुपये मोजून सीलबंद खोका मिळतो. जोडणी करून, आपत्कालीन संपर्क भरून, एकदा चालवून दाखवणे हा विक्रीचाच भाग हवा. त्यासाठी वेगळे पैसे कशाला?

परवानगी मागणारा मजकूर मराठीतही हवा; भाषेच्या बाबतीत तर कायदाच ग्राहकाच्या बाजूने आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. नाडीचे आकडे कुठे जातात हे मराठीत सांगण्यासाठी कंपन्यांनी त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचे काहीच कारण नाही.